लोण, कोंडी आणि गुगली

जून २०२३ च्या अखेरीस पुण्यात शरद पवार पत्रकारांशी बोलत होते. विषय जुनाच होता, नोव्हेंबर २०१९ मधल्या पहाटेच्या शपथविधीचा. सरकार बनवायला पवारांनी आधी होकार दिला आणि मग भूमिका बदलली, असे नागपूरचे देवेंद्र फडणवीस सांगत होते. उत्तर देताना पवारांनी आपल्या सासऱ्यांची आठवण काढली. सासरे सदू शिंदे गुगली टाकणारे गोलंदाज होते. आपण स्वतः क्रिकेट खेळलो नसलो तरी गुगली कुठे आणि कशी टाकायची हे आपल्याला ठाऊक आहे, आणि समोरच्याने विकेटच दिली तर ती घ्यावी लागते, अशा आशयाचे ते बोलले. फडणवीसांनीही गुगलीला गुगलीनेच उत्तर दिले. आपल्या गुगलीमुळे निदान अर्धे सत्य बाहेर आले, उरलेलेही येईल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत गुगलीच गुगली होती.

सदू शिंदे यांची गुगली खरीखुरी होती. १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडचे ६ गडी ९१ धावांत टिपले. सात कसोट्या त्यांच्या वाट्याला आल्या आणि १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. लेगस्पिनरच्या हातून सुटलेला चेंडू नेहमीच्या दिशेला वळेल असे वाटावे आणि तो नेमका उलटा आत यावा, ही गुगलीची करामत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या बोझांकेटने ती प्रचारात आणली. शंभर वर्षांनी गडचिरोलीतल्या ज्या माणसाने आयुष्यात कधी बॅट धरली नाही, त्यालाही ‘साहेबांनी गुगली टाकली’ हे वाक्य कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याच दोन नेत्यांनी चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच खेळाची भाषा वापरली होती. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा प्रचारात फडणवीस म्हणत होते, आमचे पैलवान तेल लावून तयार आहेत, पण समोर कुणी दिसतच नाही. कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या पवारांनी कुस्ती पैलवानांशीच होते, असा टोला परत दिला. म्हणजे एकाच वादाची सुरुवात आखाड्यातल्या भाषेत झाली आणि पुढचा अंक खेळपट्टीवर रंगला. मराठी माणसाला यात काही वावगे वाटले नाही. तो दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलतो.

रोजच्या बोलण्याला शब्द पुरवण्याचा हा मान अमेरिकेत बेसबॉलला मिळाला. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने या खेळाचे नियम लिहून काढले आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्याचे शब्द अमेरिकी कचेरीत, कोर्टात, स्वयंपाकघरात जाऊन बसले. अंदाजे आकडा हवा असेल तर ‘बॉलपार्क’ आकडा, पुन्हा बोलायचे असेल तर ‘टच बेस’, अनपेक्षित अडचण आली तर ‘कर्व्हबॉल’, मोठे यश म्हणजे ‘होम रन’. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कचेऱ्यांत रात्री उशिरापर्यंत अमेरिकी ग्राहकांशी बोलणारी मुलेमुली हे शब्द सर्रास वापरतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी बेसबॉलचा सामना कधी पाहिलेला नसतो. खेळ न पाहता त्याचे शब्द वापरणे यात आपल्याला नवल वाटायला नको, कारण मराठीत आपण हेच कित्येक पिढ्या करत आलो आहोत. फरक इतकाच की आपल्याकडे हा मान एका खेळाचा नाही. आपल्या बोलण्यात खेळांचे थरच्या थर साचले आहेत, आणि ते मोजायला विदर्भाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

सगळ्यात खालचा थर फाशांचा. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या ‘लीळाचरित्रा’त एका जुगाराची कथा आहे. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरतो. देणे फेडायला बायकोकडे दागिने मागतो आणि ती साफ नकार देते. मन विटलेला हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घर सोडतो. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटतात आणि पुढे तोच चक्रधर म्हणून ओळखला जातो. म्हाइंभटांनी ही कथा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातल्या त्याच रिद्धपुरात बसून लिहिली. फाशांचा डाव उलटल्याने एका महान पंथाच्या संस्थापकाची वाट बदलली, ही गोष्ट विदर्भाच्या मातीतच नोंदली गेली आहे.

त्या फाशांनी मराठीला दिलेले शब्द आज कुणाला जुगारी वाटत नाहीत. फासे उलटे पडतात, फासे टाकून पाहिले जातात. सोंगटी मारली जाते. कुणी सर्वस्व पणाला लावतो. लबाडीच्या खटपटींना छक्केपंजे म्हणतात. फाशावरची सहा आणि पाच ही दाने माणसाच्या स्वभावाला चिकटली ती अशी. आणि ‘डाव’ हा शब्द तर हातोहात फिरला. सोंगट्यांचा डाव, कुस्तीचा डाव, पत्त्यांचा डाव आणि शेवटी क्रिकेटचा डाव. इतक्या खेळांनी वापरूनही तो झिजला नाही. डाव साधला, डाव फसला, डाव उलटला, अर्ध्यावर डाव मोडला, भर डावात उठून गेला. आणि हरल्यावर कुरकुर करणाऱ्याचा तो रडीचा डाव.

बुद्धिबळाने राजकारणाला शह, काटशह आणि मात दिली, प्यादी दिली, वजीर दिला. या शब्दांना नागपुरात अलीकडे पुन्हा तेज चढले आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवले आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात शहरातल्या वर्तमानपत्रांत काटशह हा शब्द बऱ्याच दिवसांनी खऱ्याखुऱ्या पटाबद्दल छापला गेला.

पण आपल्या भाषेवर ज्या खेळाचे सर्वांत मोठे ऋण आहे, तो खेळ आपण जवळजवळ विसरलो आहोत. तो खेळ म्हणजे आट्यापाट्या.

मैदानी खेळ संतांच्या काळीही लोकांच्या ओळखीचे होते. तुकोबांच्या गाथेत टिपरी, हमामा, हुतुतू, विटीदांडू, चेंडूफळी अशा खेळांवर अभंगच्या अभंग आहेत. परमार्थ सांगायला तुकोबांना खेळाच्या मैदानाहून सोपी जागा सापडली नाही. आट्यापाट्या त्याच कुळातला खेळ. त्याला साधन लागत नाही. मोकळी जागा आणि मातीत आखलेल्या रेघा एवढे पुरते. आडव्या नऊ पाट्या आखायच्या आणि त्या सगळ्यांना मधोमध छेदणारी एक उभी सूरपाटी काढायची. प्रत्येक आडव्या पाटीवर बचाव करणारा एकेक गडी उभा राहतो. त्याला आपली पाटी सोडता येत नाही, पण तिच्यावर तो डावी-उजवीकडे हवा तसा धावू शकतो. सूरपाटीवरच्या गड्याला मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळीक असते. आक्रमण करणाऱ्याने हुलकावणी देत एकेक पाटी ओलांडायची. खांदा इकडे, पाय तिकडे, समोरच्याचा तोल चुकवायचा आणि झटक्यात पलीकडे जायचे.

दोन पाट्यांच्या मधल्या चौकोनात एकदा का गडी अडकला, की पुढचा पुढे जाऊ देत नाही, मागचा मागे फिरू देत नाही आणि सूरपाटीवाला बाजूची वाट रोखतो. या अडकण्याला मैदानावर ‘कोंडी’ म्हणतात. कोंडीत सापडलेल्या गड्याकडे पाहिले की ‘विरोधकांनी सरकारची कोंडी केली’ हे वाक्य डोळ्यांसमोर उभे राहते. कोंडी फोडणे म्हणजे काय हेही तिथेच कळते. दुसरा गडी शेजारच्या चौकोनात शिरतो, बचाववाल्याचे लक्ष क्षणभर वळते आणि त्या फटीतून पहिला निसटतो. वाटाघाटींतली कोंडी फुटते तीही बहुतेक वेळा अशीच, कुणीतरी बाजूने शिरल्यावर.

शेवटची पाटी म्हणजे लोणपाटी. ती ओलांडून गडी माघारी फिरला की तो लोण घेऊन येतो आहे असे समजतात. पुन्हा सगळ्या पाट्या चुकवत त्याने ते पहिल्या पाटीबाहेर सुखरूप आणले की लोण झाले. एकेक रेघ ओलांडत पुढे पुढे पोचत जाणारे हे लोण मराठीने इतके मनावर घेतले की आता संपाचे लोण गिरणीपासून गिरणीपर्यंत पसरते, चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचते, एखाद्या फॅशनचे लोण मुंबईहून गोंदियाला येते. ज्यांच्या तोंडी हे वाक्य असते त्यांपैकी फार थोड्यांनी लोण देणारा गडी पाहिला असेल.

या शब्दाने तर देशाच्याही सीमा ओलांडल्या. हुतुतूने म्हणजे कबड्डीने तो आपल्याकडे घेतला. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण चढते आणि जास्तीचे दोन गुण मिळतात. कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते ‘लोना’ या नावाने आहे. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्राच्या धुळीतला हा शब्द चीनच्या राजधानीत गुणफलकावर पोचला होता. यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी खेळांना शिस्तीचे घर दिले. त्याच मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला करून दाखवले. परदेशी खेळांचे शब्द आयात होत होते त्याच काळात आपले खेळ निर्यातही होत होते, याचा विदर्भाने अभिमान बाळगावा.

खो-खोने आणखी एक शब्द दिला आणि मराठीने त्याचे दोन विरुद्ध अर्थ करून घेतले. पाठीवर थाप मारून ‘खो’ दिला की बसलेला गडी उठतो आणि पाठलाग पुढे चालू होतो. म्हणून जबाबदारी पुढच्यावर सोपवणे म्हणजे खो देणे. पण चालत्या कामात कुणी अडथळा आणला तर त्याने खो घातला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते.

मग येतो आखाडा, मराठी राजकारणाची सर्वांत लाडकी जागा. निवडणुकीचा आखाडा, आखाड्यात उतरणे, शड्डू ठोकणे, दंड थोपटणे, लंगोट कसणे, खडाखडी होणे. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत हातांना हात भिडवतात ती खडाखडी. पत्रकार परिषदांतून सुरुवातीला होते तीही खडाखडीच. पट काढणे, धोबीपछाड देणे, अस्मान दाखवणे. दोन्ही खांदे मातीला टेकले की पैलवान चीत झाला आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त आभाळ उरले, त्यातून अस्मान दाखवणे आले. आधीच ठरवून खेळलेली ती नुरा कुस्ती. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, ही म्हण २०२३ नंतरच्या महाराष्ट्रात जितकी ऐकू आली तितकी क्वचितच कधी आली असेल. १९१२ मध्ये शाहू महाराजांच्या कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले, १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा फिरू लागली. कुस्तीचे केंद्र दक्षिण महाराष्ट्र असले तरी तिची भाषा भंडारा-चंद्रपूरपर्यंत सारखीच चालते.

क्रिकेट आले ते या सगळ्या थरांवर. आणि इथे मराठीने जे केले ते मोठ्या कौतुकाचे आहे.

साहेबाच्या खेळाला मराठीने आपले जुने शब्द नेसवले. बाद होण्याच्या प्रकारांना नावे द्यायची वेळ आली तेव्हा आखाडा मदतीला धावला. पायचीत, धावचीत, यष्टिचीत. खांदे टेकलेल्या पैलवानाचा ‘चीत’ इथे फलंदाजाच्या नशिबी आला. आखाड्यातल्या सलामीवरून पहिल्या जोडीचे सलामीवीर झाले. ‘गोलंदाज’ तर थेट तोफखान्यातून आला. मराठ्यांच्या फौजांत तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांची आणि कंपनीची फौज सीताबर्डीच्या टेकडीवर भिडली तेव्हा या शब्दाचा अर्थ दारूगोळ्याशी बांधलेला होता. शतक-दीड शतकाने त्याच टेकडीपासून फार लांब नसलेल्या सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर गोलंदाजाच्या हातात कातडी चेंडू आला. गोलंदाजाच्या धर्तीवर फळी धरणारा फलंदाज झाला. ही फळी तुकोबांच्या चेंडूफळीतलीच. गडी टिपल्यावर बळी मिळाला, आणि हिशेबाच्या वहीतले खाते पहिल्या धावेबरोबर उघडले गेले.

ही भाषा घडत होती तेव्हा नागपूरने खेळाडूही दिला. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घरची भाषा तेलुगू, शहराची मराठी आणि हिंदी. १९१६ मध्ये मुंबईत हिंदू संघाकडून पहिल्यांदा खेळताना त्यांनी धावांचे खाते षटकाराने उघडले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीच्या पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा कुटल्या, त्यांत ११ षटकार होते. कचेऱ्या ओस पडल्या, लोक झाडांवर चढून पाहू लागले, अशी त्या दुपारची वर्णने आहेत. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी संघ उतरला तो नायडूंच्याच नेतृत्वाखाली. फाशावरचा छक्का आपल्याकडे शतकानुशतके होता. नायडूंच्या बॅटीवरून तो आकाशातून येऊ लागला. आज वरिष्ठांपुढे बेधडक बोलणारा माणूस ‘षटकार ठोकतो’, त्या षटकाराचे विदर्भातले आद्यपुरुष नायडूच म्हणावे लागतील.

मैदानावर न जाणाऱ्यांपर्यंत ही भाषा पोचवली ती रेडिओने आणि वृत्तपत्रांनी. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन घराघरांत नेले. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकर यांनी मराठी दैनिकात खेळाचे स्वतंत्र पान कसे असावे याचा वस्तुपाठ घालून दिला. पानटपरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमलेल्या माणसांना चेंडू दिसत नसे, फक्त शब्द ऐकू येत. ज्यांनी खेळ कानांनी पाहिला, त्यांच्या तोंडी खेळाचे शब्द बसणारच.

नागपूरला पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये मिळाली आणि न्यूझीलंडने ती १६७ धावांनी जिंकली. पण शहराच्या आठवणीत कोरला गेला तो वेगळाच दिवस, ३१ ऑक्टोबर १९८७. समोर पुन्हा न्यूझीलंड, स्पर्धा विश्वचषकाची. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅटट्रिक. मग सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे एकमेव शतक. नायडूंच्या वाढदिवशी, नायडूंच्या गावी. त्या दिवसानंतर नागपुरात हॅटट्रिक कुणाला शिकवावी लागली नाही. १८५८ मध्ये शेफिल्डला तीन लागोपाठ बळी घेणाऱ्या स्टीफनसनला वर्गणी काढून टोपी दिली होती, त्यावरून हा शब्द आला, हे नागपूरकराला माहीत असो वा नसो, २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये नितीन गडकरी लोकसभेवर निवडून आले तेव्हा ‘हॅटट्रिक’ हा मथळा ठरलेलाच होता.

डिसेंबरात हे सगळे थर एकाच इमारतीत ऐकू येतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन उपराजधानीत भरते. त्या दिवसांतली वर्तमानपत्रे चाळली तर एकाच पानावर सरकारची कोंडी, मंत्र्यांची विकेट, विरोधकांचा बाउन्सर, शह-काटशह, शड्डू आणि ‘नाबाद’ मुख्यमंत्री सुखाने नांदताना दिसतात. आट्यापाट्या, क्रिकेट, बुद्धिबळ आणि कुस्ती एका वाक्यात आली तरी वाचकाला ठेच लागत नाही. आणि पाऊस? तो तर विदर्भात दर जुलैला दमदार बॅटिंग करतो.

नागपूरचा खास स्वतःचा थर मात्र पतंगाचा. संक्रांतीला इतवारी-महालातल्या गच्च्या भरून जातात. एकाच्या हातात दोर, दुसऱ्याच्या हातात चक्री. दोन पतंगांचे मांजे एकमेकांवर चढले की पेच लागतो. अशा वेळी घाई करून खेचणारा बहुधा हरतो. जाणता माणूस चक्री मोकळी करून ढील देतो, समोरचा मांजा आपल्या सुटत्या मांजावर घासू देतो आणि योग्य क्षणी हात मारतो. पतंग कटला की गच्चीवरून ‘ओ काट!’ची आरोळी उठते. इथले लोक हीच भाषा घरात वापरतात. पोराला फार ढील दिली म्हणून तो बिघडला. अवघड विषय निघताच पाहुण्याने कन्नी काटली. सासू-सुनेत पेच लागला. तिकीटवाटपात अमक्याचा पतंग कटला. सुताचा मांजा जाऊन नायलॉनचा आला आणि त्याने माणसांचे आणि पाखरांचे गळे चिरले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो आणि दर संक्रांतीला कुणाचा तरी जीव घेतो. हा खेळ हवा असेल तर तो मांजा हद्दपार झालाच पाहिजे. भाषेच्या प्रेमापायी तेवढी सक्ती करायला कुणी कचरू नये.

खेळ जातो आणि शब्द मागे उरतो, हे आट्यापाट्यांच्या बाबतीत झाले. शाळांची मैदाने आकसली. विदर्भातली काही मंडळे आणि क्रीडाशिक्षक हा खेळ अजून नेटाने टिकवून आहेत, पण शहरातल्या मुलाला सूरपाटी म्हणजे काय हे विचारले तर उत्तर येत नाही. क्रिकेटचे तसे झालेले नाही. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, आणि पुढे २०१९ आणि २०२५ मध्ये करंडक पुन्हा नागपूरला आला. ज्या खेळाला प्रेक्षक, पैसा आणि मैदान मिळते त्याचे शब्द आपोआप वाढतात. ज्याला मिळत नाही त्याच्या शब्दांची नोंद माणसांनी करावी लागते.

ती नोंद एकदा फार मोठ्या निष्ठेने झाली होती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन खंड १९४२ आणि १९४७ मध्ये काढले. गुगली, हॅटट्रिक, बाउन्सर आणि पावसाची बॅटिंग हे सगळे मराठीच्या जिभेवर रुळले ते त्यानंतर. नागपूरच्या पतंगाची बोली, वऱ्हाडातल्या आट्यापाट्यांची बोली, गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाची बोली जाणणारे जुने खेळाडू आज सत्तरी-ऐंशीत आहेत. १४ जानेवारी १९२३ रोजी, ऐन संक्रांतीला, अमरावतीत स्थापन झालेला आणि पुढे नागपुरात स्थिरावलेला विदर्भ साहित्य संघ शंभरी ओलांडून उभा आहे. ‘लीळाचरित्र’ जिथे लिहिले गेले त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. या दोन संस्थांनी क्रीडाशिक्षकांना हाताशी धरून विदर्भाच्या खेळभाषेचा कोश करायला घ्यावा. आणि वाचकांनीही आपल्या गावात ऐकलेला असा एखादा शब्द कोणत्या खेळातला, कोणत्या गावचा आणि कोणाकडून ऐकला, एवढ्या तीन गोष्टींसह लिहून ठेवावा.